नाळ पडल्यावर रक्त आलं होतं का?

पाचवीची मांडणी झालेली असते. पाटा-वरवंटा, वरवंट्याला हळदकुंकू, शेजारी कोरा कागद आणि लेखणी. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून दिवा मालवायचा नाही आणि घरातल्या बायकांनी जागायचं. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत ही रात्र थोड्याफार फरकाने अशीच जागवली गेली. बाळाची नाळ तोवर वाळून काळी पडलेली असते. कुणाची पाचव्या दिवशी, कुणाची आठव्या-दहाव्या दिवशी, ती आपसूक गळून पडते.

एखाद्या घरात मात्र नाळ पडते आणि बेंबीतून रक्त यायला लागतं. धार लागत नाही, नुसतं ठिबकतं. दुपटं बदलतात, हळद दाबतात, जळक्या चिंधीची राख लावतात. रक्त थांबतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दुपटं पुन्हा ओलं. बाळाच्या अंगात रक्त असतं किती! तीन किलोच्या बाळात जेमतेम पाव लिटर. ठिबकून ठिबकून ते पांढरं पडतं, दूध ओढेनासं होतं. यातूनही जे वाचतं ते रांगायला लागल्यावर उंबऱ्यावर कपाळ आपटून घेतं आणि त्याचं टेंगूळ लिंबाएवढं होतं. एखादं मूल पडल्याचं निमित्तही न होता एका रात्री उलट्या करतं, टाळू टणक होऊन फुगते, झटके येतात. मेंदूत रक्त उतरलेलं असतं.

घरात याचा अर्थ एकच लावला जाई: सटवाईने लिहिलं होतं तेवढंच आयुष्य.

नाळेच्या रक्ताने गेलेली सगळीच बाळं एका आजाराची नव्हती, हे आधीच सांगितलं पाहिजे. बेंबी पिकून गेली असतील, धनुर्वाताने गेली असतील, ‘के’ जीवनसत्त्व कमी पडूनही पहिल्या आठवड्यात रक्तस्राव होतो. पण त्या गर्दीत काही बाळं अशी होती की त्यांच्या रक्तात एकच गोष्ट जन्मतः नव्हती आणि ती नाही हे ओळखायची परीक्षाही जगात कुठे होत नव्हती. त्या गोष्टीला पुढे ‘फॅक्टर तेरा’ असं नाव मिळालं. मराठीत खरं म्हणजे ‘तेरावा घटक’ म्हणायला हवं. पण आपल्याकडे तेरावा म्हटलं की मन भलत्याच दिवसाकडे जातं, आणि आजारी मुलाच्या आईसमोर तो शब्द माझ्याच्याने उच्चारवत नाही. म्हणून या लेखात फॅक्टर तेरा.

या आजाराचा पहिला रुग्ण वैद्यकात नोंदला गेला तो १९६० साली, स्वित्झर्लंडमध्ये. त्याच वर्षी इकडे ‘दक्षिण सातारा’ या जिल्ह्याचं नाव बदलून ‘सांगली’ झालं. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख जुळवून हा जिल्हा केला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण जिल्ह्याची हद्द कागदावर आखली तरी सोयरिकींनी ती कधी मानली नाही. वाळव्याची लेक कराडला, खटावची विट्याला. रक्तातली उणीव त्याच वाटांनी फिरत राहिली.

रक्त गोठण्याच्या गोष्टीत राजघराण्यांचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली पाय घसरून पडल्याचं निमित्त होऊन गेला, आणि रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सी हिमोफिलियाने पिचलेला होता. या गोष्टींमुळे एक समजूत घट्ट बसली, ती डॉक्टरांच्याही मनात बसली, की रक्त न थांबण्याचा आजार म्हणजे मुलग्यांचा आजार. हिमोफिलियापुरतं ते बरंचसं खरं आहे, कारण त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आईकडून येतो, मुलाला होतो. पण रक्त गोठायला लागणारे घटक डझनभर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची जनुकं इतर गुणसूत्रांवर आहेत. तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. ही समजूत मुलींना फार महागात पडली. त्याकडे पुढे येतोच.

१९४४ साल. साताऱ्यात पत्री सरकार जोरात होतं, गावोगावी न्यायनिवाडे चालले होते. अमेरिकेत रॉबिन्स नावाचा शास्त्रज्ञ रक्ताच्या गुठळीवर प्रयोग करत होता. गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं. शुद्ध केलेल्या द्रव्यांपासून बनवलेली गुठळी काही रसायनांत विरघळून जायची, अंगातल्या रक्ताची गुठळी मात्र तशी विरघळत नसे. म्हणजे रक्तात आणखी काहीतरी आहे, जे त्या धाग्यांना पक्कं करतं. चार वर्षांनी, १९४८ मध्ये, कोलोमन लाकी आणि लास्लो लोरँड या दोन हंगेरियन शास्त्रज्ञांनी त्या ‘काहीतरी’चा पाठपुरावा करून ते वेगळं पदार्थरूप आहे हे मांडलं. लोरँड तेव्हा विद्यार्थीदशेत होता. बुडापेस्टमध्ये सेंट-ग्यॉर्गी या नोबेलविजेत्याच्या प्रयोगशाळेत दोघं काम करत. पुढली काही वर्षं त्या पदार्थाला ‘लाकी-लोरँड घटक’ म्हणत. माणसाच्या जगण्यात त्याचं काय काम, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. परीक्षानळीतली एक मौज, इतकीच त्याची किंमत.

ती किंमत कळली १९६० मध्ये. स्वित्झर्लंडमध्ये डुकर्ट, युंग आणि श्मर्लिंग यांच्यासमोर एक मुलगा आला. रक्तस्रावाने बेजार, जखमा नीट भरून न येणारा, आणि रक्ताचे नेहमीचे सगळे तपास अगदी व्यवस्थित. त्याच्या रक्ताची गुठळी त्यांनी युरियात टाकली. ती विरघळली. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने या घटकाला रोमन आकड्यांच्या माळेत तेरावी जागा दिली. (या माळेत सहावा घटक नाही. आधी एकाला तो क्रमांक दिला, मग तो स्वतंत्र घटकच नाही असं निघालं, तेव्हापासून ती जागा मोकळी आहे.)

हा घटक नेमकं काय करतो ते सांगायला आपल्या भागात ऊसतोडीसारखं उदाहरण नाही. तोडलेला ऊस फडात एकावर एक रचून ठेवला की लांबून तो ढीग पक्का दिसतो. पण मोळी बांधली नाही तर उचलताक्षणी सगळा ऊस घरंगळतो. तोडकरी बाई वाढ्यांचा पीळ करून मोळीला आवळते, तेव्हा ती डोक्यावर घेता येते, शिडीवरून गाडीत चढवता येते. जखमेवरही असंच होतं. फायब्रिनचे धागे जमतात, रक्त थांबतं, सगळ्यांना वाटतं की झालं. फॅक्टर तेरा त्यानंतर येतो आणि धाग्याला धागा आडवा जोडून आवळतो. तो नसेल तर रचलेला ऊस काही तास तसाच पडून राहतो. मग अंगातली गुठळी विरघळवणारी रसायनं आपलं रोजचं काम करायला लागतात आणि न बांधलेली मोळी सुटते. म्हणून या आजारात रक्त लगेच येत नाही. आधी थांबतं आणि चोवीस-छत्तीस तासांनी पुन्हा सुरू होतं. पाचवीच्या बाळाचं दुपटं दुसऱ्या दिवशी दुपारी ओलं का झालं, त्याचं उत्तर हे.

आता त्या काळातला दवाखाना डोळ्यांसमोर आणा. विल्यम वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर १८८९ साली सांगलीत आला, आणि १८९४ मध्ये मिरजेत त्याचं रुग्णालय उभं राहिलं. मिरजेचं नाव शस्त्रक्रियेसाठी मुंबई इलाख्याच्या बाहेरही गेलं. तशा चांगल्या हाताच्या सर्जनपुढे असा रुग्ण आला असता तर काय झालं असतं? शस्त्रक्रिया नीट पार पडली असती, टेबलावर रक्त थांबलं असतं. तिसऱ्या दिवशी टाक्यांतून रक्त झिरपायला लागलं की गाठ सैल बसली किंवा जखम पिकली असाच निष्कर्ष निघाला असता. त्यात त्या सर्जनची चूक नव्हती. ज्याला नावच नाही ते शोधायचं कसं?

खरी खंत पुढच्या काळाची आहे. नाव मिळालं, परीक्षा मिळाली, तरीही मुलं हातची निसटत राहिली. याचं कारण नेहमीच्या तपासांच्या रचनेतच आहे. रक्तस्रावाचा रुग्ण आला की डॉक्टर प्लेटलेट मोजतात आणि पीटी, एपीटीटी हे दोन तपास करतात. या तपासांत रक्तद्रवात रसायन घालून घड्याळ लावायचं आणि गुठळीचा पहिला धागा दिसला की घड्याळ बंद करायचं. इतके सेकंद, नॉर्मल. पण फॅक्टर तेराचं काम घड्याळ बंद झाल्यावर सुरू होतं! म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. आई सांगत असते की मूल रक्त ओकतंय, कागद सांगत असतो की काही नाही. अशा वेळी बहुतेकांनी कागदावर विश्वास ठेवला. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच वाटते. आईला खोटं पाडलं गेलं, आणि ते एका बरोबर केलेल्या तपासाच्या जोरावर.

ज्या परीक्षेने हे कळतं ती साधी आहे. मी एका प्रयोगशाळेत उभा राहून ती पाहिली आहे. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. तिच्यात आधीपासून सोडियम सायट्रेट असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे माप चुकता कामा नये, म्हणून नळी खुणेपर्यंत भरावी लागते. ती फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा करायचा. त्यातला थोडा दोन काचेच्या नळ्यांत घ्यायचा, कॅल्शियम क्लोराइड घालायचं आणि शरीराइतक्या उबेच्या पाण्यात ठेवायचं. काही वेळात दोन्हींत गुठळी धरते, साबुदाण्याच्या खिरीतल्या दाण्यासारखी पारदर्शक, थरथरणारी. मग एका नळीत तीव्र युरिया ओतायचा, दुसरीत एक टक्का मोनोक्लोरोअॅसिटिक आम्ल. नळी हलकेच टिचकी मारून पाहायची आणि थांबायचं. निरोगी माणसाची गुठळी दुसऱ्या दिवशी सकाळीही नळीत तशीच तरंगत असते. त्या दिवशी तपासायला आलेल्या रुग्णाची गुठळी मात्र मी चहा पिऊन परत येईपर्यंत कडेने विरायला लागली होती. तासाभराने नळीत नुसतं पाणी होतं. यंत्र नाही, पडदा नाही, आकडा नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी नळी उजेडाकडे धरली आणि कुणी काही बोललं नाही.

या परीक्षेची एक गोम मात्र जीवघेणी आहे. फॅक्टर तेरा रक्तात शंभरात पाच भाग असला तरी गुठळी तग धरते. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी बाळाला जीव वाचवायला म्हणून रक्त किंवा प्लाझ्मा चढवला, आणि नंतर पुण्या-मुंबईला नेऊन नमुना घेतला, तर दात्याच्या उसन्या फॅक्टरमुळे परीक्षाही नॉर्मल! नमुना आधी आणि प्लाझ्मा मग, हा क्रम पाळला गेला नाही म्हणून किती निदानं लांबली असतील.

पुण्या-मुंबईला म्हणजे बहुतेकदा परळला. १९५७ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केलं. तेच पुढे केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झालं. त्याच्या मुळाशी एक मराठी शोध आहे. १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ जगापुढे आणला. नाव मुंबईचं असलं तरी हा गट कोकण-देशावरच्या घराण्यांत सापडत राहिला, आणि आज त्याच्या दात्यांचं जाळं विणण्याचं मोठं काम सांगली जिल्ह्यातल्या तरुणांनी केलं आहे. बॉम्बे रक्तगट हा आजार नाही, पण तो उतरतो त्याच वाटेने: आई आणि बाप दोघांकडून तोच लपलेला बदल एका मुलात एकत्र यावा लागतो. फॅक्टर तेराचंही तसंच आहे. आई निरोगी, बाप निरोगी, दोघांत अर्धी अर्धी उणीव, आणि दर बाळंतपणाला चारात एक अशी शक्यता नव्याने. जगात वीस लाखांत एखादा असं याचं प्रमाण सांगतात. पण ते प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. नात्यात लग्न होतात तिथे ते वाढतं.

इथे आपल्या घरातली गोष्ट येते. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या ग्रंथात भारतभरच्या नातेव्यवस्थेची मांडणी केली. उत्तरेत नात्यात लग्न नाही, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि महाराष्ट्र हा त्यांमधला सांधा. मामाची मुलगी करायची ही आपली रीत. जत-मिरजेकडे कानडी मुलखाला लागून असलेल्या काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. या रीतीला मी नावं ठेवणार नाही. लेक ओळखीच्या घरात पडावी, भावाने बहिणीला दिलेला शब्द राहावा, जमीन-पाण्याचा व्यवहार घरात राहावा, यामागे दुष्काळी मुलखाचं शहाणपण होतं. भाचीला सासू म्हणून आत्याच मिळणं हा केवढा आधार! पण एकाच आजोबाच्या रक्तातला लपलेला बदल दोन्ही बाजूंनी येऊन पतवंडात भेटायला हीच वाट सोपी पडते. हे सांगताना डॉक्टरांचा सूर पुष्कळदा न्यायाधीशासारखा होतो, आणि मग ते घर पुढच्या खेपेला खरं नातं सांगतच नाही. ‘लांबचे पाव्हणे आहेत’ एवढंच सांगून मोकळे होतात.

परळच्या संस्थेत श्रीमती शेट्टी, कांजाक्ष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्मीळ उणिवांवर वर्षानुवर्षं काम केलं. फॅक्टर तेरा नसलेल्या भारतीय रुग्णांची जनुकं तपासून २०१६ मध्ये त्यांनी जगात आधी न नोंदलेले चौदा बदल प्रसिद्ध केले. या आकड्यामागे महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या, एसटीच्या किती रात्री आहेत याचा विचार करावा. सांगली-मिरजेहून रात्रभराचा प्रवास, मांडीवर मूल, पिशवीत जुन्या रिपोर्टांचा गठ्ठा. आणि तिथे गेल्यावर अनुभवी डॉक्टर पहिला प्रश्न रिपोर्टाबद्दल विचारत नाहीत. ‘नाळ पडल्यावर रक्त आलं होतं का?’ असं विचारतात. ही उणीव असलेल्या दहांतल्या आठ जणांना ते आलेलं असतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी योग्य प्रश्न विचारलेला असतो.

उपचाराची गोष्ट सुरू होते ती एका गाळापासून. १९६४ साली स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांच्या लक्षात आलं, की गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळू दिला तर पिशवीच्या तळाशी पांढुरका गाळ राहतो आणि रक्त गोठवणारे काही घटक त्यात एकवटलेले असतात. हा क्रायो. आठवा घटक त्यात असतो म्हणून हिमोफिलियाच्या मुलांचं आयुष्य त्याने बदललं, आणि तेराही असतो म्हणून आपल्या या मुलांचंही. निसर्गाची इथे एक मोठी मेहेरबानी आहे. आठवा घटक अंगात आठ-बारा तासांत निम्मा होतो, तेराला मात्र निम्मा व्हायला नऊ ते चौदा दिवस लागतात. शिवाय तो लागतो अगदी थोडा. म्हणून महिन्यातून एकदा प्लाझ्मा किंवा क्रायो दिला तरी मूल शाळेत जातं, खेळतं, पडतं, उठतं. इतक्या भयंकर आजाराला इतका सोपा इलाज क्वचित असतो.

सोपा, पण निर्धोक नाही. क्रायो दात्याच्या रक्तातून येतो, आणि आपल्या भागात तो जेव्हा हाताशी यायला लागला तेव्हाच सांगली जिल्ह्यात एड्सची सावली पडली होती. ‘संग्राम’ ही संस्था सांगलीत १९९२ पासून त्यासाठीच उभी राहिली. दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली, पण पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर बंदी यायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आणि १९९८ चा जानेवारी उजाडावा लागला. त्या वर्षांत दर महिन्याला अनोळखी माणसाचा प्लाझ्मा मुलाच्या शिरेत जाताना पाहणाऱ्या आईबापांनी काय भोगलं असेल! पिशवी नाही लावली तर मेंदूत रक्त, लावली तर हे. काही घरांनी यावर आपला उपाय काढला: चुलते, मामा, गावातली पोरं असे ठरावीक दाते धरून ठेवायचे. शास्त्राच्या काट्यावर तो उपाय पुरेसा नव्हता, पण भरवसा ठेवायला दुसरं काही नव्हतंही.

पुढे जंतू निष्क्रिय केलेलं घट्ट औषध आलं. जर्मनीत ते आधीपासून होतं, अमेरिकेने २०११ मध्ये मान्य केलं. २०१३ मध्ये माणसाच्या रक्ताशिवाय, यीस्टमध्ये बनवलेला फॅक्टर तेराही तिकडे मान्य झाला. अडीचशे युनिटांची एक छोटी कुपी दहा-बारा किलोच्या मुलाला साधारण महिनाभर पुरते. पाणी घालून हलकेच फिरवायची (जोरात हलवायची नाही, फेस होतो) आणि बारीक सुईने शिरेत सोडायची. तेवढंच. पण औषध परदेशातून येतं, रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून ते कधी असतं, कधी नसतं. नसलं की पुन्हा क्रायो.

ही ओढाताण जिल्ह्याजवळ सुटायला लागली ती २०१० नंतरच्या दशकात. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली राज्याने जिल्हा रुग्णालयांत हिमोफिलियाची डे केअर केंद्रं काढली तेव्हा ठाणे, नाशिक, अमरावती यांच्याबरोबर साताऱ्याची निवड झाली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाच्या रुग्णालयात कराड-पाटणचे, आणि हद्दीपलीकडचे वाळवा-शिराळ्याचेही रुग्ण यायला लागले. जुना अखंड सातारा जिल्हा तिथल्या बाकड्यावर पुन्हा भरायला लागला म्हणा. या सोयीचं मोल शहरातल्या वाचकाला कदाचित कळणार नाही. मुंबईची दोन रात्रींची फेरी आणि बुडालेली मजुरी यांच्या जागी सकाळची एसटी आणि दुपारी परत घर.

तरी दुर्मीळ उणिवांच्या रुग्णांची एक अडचण उरतेच. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल ही नावं आली. एसटीच्या सवलतीतही हिमोफिलिया आहे. फॅक्टर तेरा, सात, दहा, पाच किंवा फायब्रिनोजेन नसलेल्या मुलांना त्याच छत्रीखाली सरकून घ्यावं लागतं. खिडकीतल्या कारकुनाला कागदावरचं नाव यादीत सापडत नाही. हिमोफिलियासाठी आलेलं नवं एमिसिझुमॅबही त्यांच्या कामाचं नाही, ते फक्त आठव्या घटकाची जागा भरून काढतं.

आणि मुली. त्यांच्याबद्दल सगळ्यांत शेवटी लिहितो आहे, कारण त्यांच्याकडे लक्षही सगळ्यांत शेवटी गेलं. ‘हा आजार मुलींना होत नाही’ या समजुतीमुळे अंगावर जाणारं रक्त बाईच्या जातीचा भोग ठरलं. फॅक्टर तेराची गोष्ट तर याहून कठोर आहे. गर्भाची वार गर्भाशयाला धरून राहायला हा घटक लागतो. तो नसेल तर दिवस राहतात आणि पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास जातात. पुन्हा राहतात, पुन्हा जातात. अशा बाईला सासरी काय ऐकून घ्यावं लागतं ते सांगायला नको. कुणी उपास धरायला लावले, कुणी मुलाचं दुसरं लग्न लावलं. त्या बाईच्या हातावर लहानपणीच्या खरचटण्याचे रुंद, पातळ व्रण होते, दात पडल्यावर तिला दोन दिवस रक्त गेलं होतं, आणि तान्ही असताना तिची बेंबी ठिबकली होती. पण नवऱ्याच्या घरात हे सांगायला तिची आई नव्हती आणि विचारायला कुणी नव्हतं. आज निदान झालेल्या बाईला दिवस राहिल्याचं कळताच, किंबहुना त्याआधीपासून, फॅक्टरचे डोस नेहमीपेक्षा जवळजवळ देतात, आणि ती पूर्ण दिवसांचं बाळंतपण करून घरी जाते.

निदान झालेल्या घरात आता काही गोष्टी अंगवळणी पडल्या आहेत. ताप आला तर अॅस्पिरिन द्यायचं नाही. लस चुकवायची नाही, पण बारीक सुईने घ्यायची आणि मग पाच-दहा मिनिटं तिथे बोट दाबून बसायचं. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग स्कॅन, कारण या मुलांतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला मेंदूतला रक्तस्राव गाठतो. कालनिर्णयावर महिन्याच्या एका तारखेभोवती पेनाने गोल असतो.

आणि अशा घरात पुन्हा पाळणा हलणार असेल तर प्रसूतीची जागा आधीच ठरवतात. बाळ बाहेर येतं, नाळेला दोन चिमटे लागतात. कापल्यावर वारेकडच्या तुकड्यातून सुईने रक्त घेऊन निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरतात आणि एक माणूस ती घेऊन निघतो. बाळाच्या बेंबीवरची नाळ वाळून पडायला अजून आठवडा असतो. उत्तर त्याच्या आधी येतं, आणि लागलाच तर पहिला डोस पाचवीची मांडणी व्हायच्या आत शिरेत गेलेला असतो.